दोन पानांचा गोवा

16 जानेवारी 1967, सोमवार. त्या दिवशी गोव्यातल्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यावर उमेदवाराचं नाव नव्हतं. नुसती दोन चिन्हं होती. फुलावर शिक्का मारला की गोवा महाराष्ट्रात विलीन. दोन पानांवर मारला की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा. तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांहून थोडे जास्त मतदार यादीत होते आणि त्यांतले जवळजवळ 82 टक्के मतदानाला गेले. मोजणी संपली तेव्हा फुलाला 1,38,170 मतं होती आणि पानांना 1,72,191. फरक 34,021 मतांचा.

जुनागढमध्ये 1948 साली आणि सिक्कीममध्ये 1975 साली लोकांचं मत घेतलं गेलं, पण तिथला सवाल देशात येण्याचा होता. शेजारच्या राज्यात जायचं की नाही, हे स्वतंत्र भारतात लोकांना थेट विचारलं गेलं ते फक्त गोवा, दमण आणि दीवमध्ये. दमण-दीवला गुजरातबद्दल विचारलं होतं, आणि त्यांनीही वेगळं राहणंच पसंत केलं.

मराठी वाचकाच्या मनात या निकालाची एक ठरलेली गोष्ट असते. गोव्यातले ख्रिस्ती विरोधात गेले, जमीनदार सारस्वतांनी त्यांना हात दिला आणि मराठी गोवा हातचा गेला. गोष्ट साफ खोटी नाही, पण तिच्यात आकडे बसत नाहीत. त्या काळच्या गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते आणि ख्रिस्ती छत्तीस-सदतीस टक्के. वैध मतांपैकी पंचावन्न टक्क्यांहून जास्त मतं पानांना पडली. म्हणजे झाडून सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी पानांवर शिक्का मारला असं धरलं, तरी बेरीज पुरी व्हायला हिंदूंची बऱ्यापैकी मोठी मतं लागतात, आणि जमीनदार सारस्वत काही एवढे नव्हते. ती उरलेली मतं देणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहिलं नाही. त्याच्या घरात मराठी पोथी होती, देवळात मराठी भजन होतं, जत्रेला मराठी नाटक होतं. त्याने महाराष्ट्राला नको म्हटलं.

गोवा स्वतंत्र झाला 19 डिसेंबर 1961 रोजी. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता लष्कराच्या दीड दिवसाच्या कारवाईत गेली. पण ही साडेचारशे वर्षं सगळ्या गोव्याला सारखी लागू पडत नाहीत, आणि ही बारीक गोष्ट कळल्याशिवाय 1967 कळत नाही. आल्बुकर्कने 1510 मध्ये घेतला तो तिसवाडीचा भाग. बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच आल्या. या झाल्या जुन्या काबिजादी. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हा डोंगराकडचा आणि सीमेवरचा भाग पोर्तुगिजांकडे आला थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सोंद्याच्या राजाकडून आणि सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. जुन्या काबिजादींत धर्मांतर झालं, देवळं पडली, 1560 पासून इन्क्विझिशन बसलं. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून फोंड्याच्या आश्रयाला गेली, कारण तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. ते आलं त्याला आणखी दोन शतकं लागली आणि तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता.

म्हणून आजही फोंड्याहून मडगावला जाताना दोन वेगवेगळे इतिहास अर्ध्यापाऊण तासात ओलांडले जातात. कौलात फुलाचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथे होता आणि पानांचा बालेकिल्ला होता सासष्टी. नकाशा जुना होता, मतदान नवं.

विलीनीकरणाची मागणी करणारा पक्ष होता महाराष्ट्रवादी गोमंतक. डिसेंबर 1963 मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली तेव्हा हाच पक्ष पहिला आला. गोवा मुक्त करणाऱ्या नेहरूंच्या काँग्रेसला गोव्यातल्या 28 जागांपैकी एकही मिळाली नाही. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब म्हणजे देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या समाजातून वर आलेले खाणमालक. हात सढळ, बोलणं रोखठोक. त्यांच्यामागे उभा राहिलेला माणूस होता कूळ आणि मुंडकार: भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत खपणारा, भाटकाराच्याच जागेत खोप बांधून राहणारा, आणि भाटकार म्हणेल त्या दिवशी ती सोडायला लागेल या धास्तीत जगणारा. मुंबईहून येणाऱ्या वर्तमानपत्रांतून त्याच्या कानावर आलं होतं की महाराष्ट्रात कुळांना जमिनी मिळाल्या, तिथे बहुजन राज्य करतात. त्याच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे भाषेआधी जमीन होती. 1964 मध्ये बांदोडकरांनी कूळ कायदा आणला, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांतून शिकलेली पहिली पिढी भाऊसाहेबांचं नाव अजून हात जोडून घेते, आणि त्यात दिखाऊपणा नसतो.

दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स पक्ष आणि त्याचे नेते डॉ. जॅक द सिक्वेरा. या पक्षाला 12 जागा होत्या. विधानसभेत ठराव करून विलीनीकरण उरकून टाकावं, असं महाराष्ट्रवाद्यांचं म्हणणं होतं. बहुमत त्यांचं होतं, महाराष्ट्राचे नेते पाठीशी होते. सिक्वेरांचं म्हणणं एवढंच की लोकांनी आमदार निवडले ते राज्य चालवायला; राज्यच मोडीत काढायचं असेल तर लोकांना वेगळं विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत हीच गोष्ट लावून धरत होते. नेहरू, शास्त्री, इंदिरा गांधी असे तीन पंतप्रधान होईपर्यंत हे चाललं. अखेर डिसेंबर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. सरकारी यंत्रणा विलीनीकरणवाद्यांच्या हातात राहिली तर कौल निष्पक्ष कसा होणार, हा विरोधकांचा आक्षेप. त्यावर बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. आपल्या हातातली खुर्ची स्वतः सोडून कौल लावणारा मुख्यमंत्री नंतर कुठे दिसला, हे आठवून पाहावं लागेल.

प्रचाराचे ते सहा आठवडे हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. त्यातली एकच गोष्ट मला पुन्हापुन्हा विचार करायला लावते. महाराष्ट्रात जाण्याविरुद्धची लढाई मराठीत लढली गेली. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विलीनीकरणविरोधाचं मुखपत्र झालं. चंद्रकांत केणी त्याचे संपादक. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ नावाचं सदर लिहीत आणि ते मराठीतच लिहीत, कारण ज्याचं मन वळवायचं होतं तो हिंदू मतदार वाचत होता मराठी. समोर विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ होतं, तेही मराठी. एकाच भाषेतली दोन दैनिकं त्या भाषेच्या राज्यात जायचं की नाही यावर रोज सकाळी भांडत होती. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरत होते. म्हणजे वाचायला मराठी आणि ऐकायला कोंकणी, अशी विभागणी होती. गोव्यातल्या हिंदू घरात ती तशीही रोजचीच होती.

महाराष्ट्राकडून पुढारी आले, सभा झाल्या. संयुक्त महाराष्ट्राचा लढा जिंकून सातच वर्षं होत होती, त्यामुळे भाषणांत तोच ताव होता. हा ताव इथे उपयोगी पडला नाही असं मला वाटतं. मुंबईसाठी लढताना समोर भांडवलदार होते. गोव्यात समोर शेजारीपाजारीच होते, आणि त्यांना ‘तुमची भाषा ही आमच्या भाषेची बोली’ हे भर सभेत ऐकवण्यात काही शहाणपण नव्हतं. त्यात दारूबंदी. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू होता. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर, काजूची भट्टी लावणारा शेतकरी, गावातला तवेर्न चालवणारा, यांना महाराष्ट्र म्हणजे पोटावर पाय, एवढंच दिसत होतं. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा रुबाबही लोकांनी पाच वर्षं पाहिला होता. आणि एक साधा हिशेब होता. आज पणजीत स्वतःची विधानसभा आहे, उद्या गोवा हा एक जिल्हा असेल. पणजीला जाऊन मंत्र्याला गाठणं आणि मुंबईला जाऊन गाठणं यांतला फरक सत्तरीतल्या माणसालाही समजत होता, मग तो फुलावर शिक्का मारणारा का असेना.

ऑक्टोबर 1966 मध्ये, म्हणजे कौलाच्या तीनच महिने आधी, बेळगाव सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला होता. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाला असा कौल कधीच विचारला गेला नाही. आयोगाने दिला तो अहवाल, आणि तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. ज्यांना महाराष्ट्रात यायचं होतं त्यांना विचारलं नाही. ज्यांना विचारलं त्यांना यायचं नव्हतं. 1967 मध्ये मराठी माणसाला ही बोच लागणं स्वाभाविक होतं. पण लोकांना विचारा, ही सीमाभागातली मागणी न्याय्य असेल, तर लोकांनी दिलेलं उत्तर गोव्यातही न्याय्यच मानायला हवं. आपल्याकडे या दोन गोष्टी एका दमात बोलल्या जात नाहीत.

खरी गंमत त्यानंतरची. कौलात पराभूत झालेल्या पक्षाचं काय झालं असेल? मार्चअखेर विधानसभेची निवडणूक लागली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा पहिला आला, 16 जागा घेऊन. सिक्वेरांच्या पक्षाला पुन्हा 12. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. अडीच महिन्यांपूर्वी ज्या मतदारांनी त्यांचा एककलमी कार्यक्रम फेटाळला, त्यांनीच त्यांना गादीवर बसवलं. म्हणजे गोव्याने दोन प्रश्न वेगळे केले. आपलं घर कुठे, हा एक. घर कोणी चालवायचं, हा दुसरा. विलीनीकरण नको, पण भाटकाराचं राज्यही नको. इतकी नेमकी निवड एवढ्या कमी काळात करणारा मतदार ‘भोळाभाबडा’ किंवा ‘पाद्रींच्या सांगण्यावरून चालणारा’ असू शकत नाही. 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत भाऊसाहेब मुख्यमंत्री राहिले, त्यानंतर त्यांची कन्या शशिकला काकोडकर. मुंडकार कायदा 1975 चा आणि कसेल त्याची जमीन करणारी कूळ कायद्यातली दुरुस्ती 1976 ची. महाराष्ट्रात जाऊन जी जमीन मिळेल असं वाटत होतं, ती वेगळं राहून मिळाली. निदान कागदावर. मामलेदार कचेरीत अजूनही मुंडकारीच्या तारखा पडतात.

भाषेचं भांडण मात्र मिटलं नाही. ते मिटण्यासारखं नव्हतंच. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत रचलं ते सासष्टीत, मराठीत, आणि 1616 मध्ये ते छापलं गेलं. त्यानंतर 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम काढला. हुकूम पाळला गेला नाही, पण लिहिणारे हात थांबले. विसाव्या शतकात शणै गोंयबाब, म्हणजे वामनराव वर्दे वालावलीकर, मुंबईत बसून कोंकणीला पुन्हा गद्य मिळवून देत होते. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं. 1980 च्या दशकात राजभाषेचं आंदोलन पेटलं, आणि 1986 च्या डिसेंबरात त्याला हिंसक वळण लागलं. रस्ते तोडले गेले, माणसं मेली. 4 फेब्रुवारी 1987 रोजी विधानसभेने कायदा केला: देवनागरीतली कोंकणी ही राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. दमण-दीव तेव्हा वेगळे झाले.

हा तोडगा कोणालाच पुरता आवडला नाही. मराठीवाद्यांना राजभाषेचा पूर्ण दर्जा हवा आहे आणि तो मागण्यासाठी आजही मेळावे होतात. तियात्र लिहिणारे, चर्चमध्ये प्रार्थना म्हणणारे, रोमी लिपीतून कोंकणी वाचणारे विचारतात की ज्या माणसांनी कोंकणीसाठी मार खाल्ला त्यांची लिपी कायद्यात का नाही. प्रश्न रास्त आहे. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा आणखी विचित्र दृश्य दिसलं. पंचवीस वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरलेले मराठीवादी आणि कोंकणीवादी आता एका मंचावर होते, इंग्रजीच्या विरोधात.

भाषेवर इतकं बोलूनही मला वाटतं की गोव्याची नागरी ओळख शेवटी भाषेत सापडत नाही. ती सापडते गावच्या जमिनीवर कोणाचा शब्द चालतो, या भांडणात. गोव्यातली ग्रामसभा रविवारी भरते. एकदा तरी तिथे जाऊन मागच्या खुर्चीवर बसावं. सरपंचाला घाम फुटतो. कोणाच्या बांधकामाला परवाना दिला, शेत बुजवायला कोणी सांगितलं, सांडपाणी कुठे जातंय. एक आजोबा कोंकणीत विचारतात, एक बाई इंग्रजीत, पंचायत सचिव इतिवृत्त भलत्याच भाषेत लिहीत असतात. आवाज चढतात, माईक ओढाओढीत पडतो, पण माणसं उठून जात नाहीत.

या सवयीचं मूळ फार मागे आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली गावं गांवकारी चालवत होती. जमीन गावाची, शेतं लिलावाने कसायला दिलेली, त्यातून बांध, वाटा, देऊळ यांचा खर्च, आणि उरलेला नफा गांवकारांत वाटलेला. 1526 मध्ये अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने हे रीतिरिवाज एका सनदेत नोंदवून घेतले आणि सत्तेने संस्था मोडण्याऐवजी तिच्याकडून सारा घेणं पसंत केलं. कोमुनिदाद या नावाने ती आजही जिवंत आहे, थकलेली आणि वादांनी पोखरलेली. खाडीकाठच्या खाजन शेतीत तिचं कर्तृत्व दिसतं. समुद्राच्या पातळीखालची जमीन, तिच्याभोवती मातीचा बांध, आणि बांधात बसवलेली मानस. भरतीला मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. एका जागी बांध फुटला की साऱ्या गावाचं शेत खारं होतं, म्हणून बांधाची राखण ही एकट्यादुकट्याची बाब नसते.

जानेवारी 2007 मध्ये, कौलाला चाळीस वर्षं होत असताना, ही सवय पुन्हा कामाला आली. सरकारने प्रादेशिक आराखडा 2011 जाहीर केला होता. त्यात डोंगर, शेतं आणि किनाऱ्यालगतची जमीन वस्तीसाठी मोकळी केलेली दिसत होती. गोवा बचाव अभियान उभं राहिलं. वास्तुविशारद, शेतकरी, पाद्री, प्राध्यापक गावोगाव नकाशे घेऊन गेले आणि लोकांनी आपल्या सर्व्हे नंबरवर कोणता रंग चढलाय ते बोट ठेवून पाहिलं. आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. 2020 मध्ये मोलें अभयारण्यातून जाणारी वीजवाहिनी, महामार्ग आणि रेल्वेचं दुपदरीकरण यांविरुद्ध कोरोनाच्या काळातही लोक उतरले. या सगळ्यांत फूल आणि पानं केव्हाच मिसळून गेली होती.

पण गांवकारीचं कौतुक करताना हात आखडताच घ्यावा लागतो. गांवकार म्हणजे गाव वसवणाऱ्यांचे पुरुष वारस. बायका नाहीत, बाहेरून आलेला नाही. आणि सगळ्यांत आधी ही जमीन कसायला घेणारे, असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते गावडे, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला मजुरीच आली. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये, मुक्तीनंतर चार दशकांनी. मे 2011 मध्ये बाळ्ळी इथे त्यांचं हक्कांसाठी आंदोलन चालू असताना दोन तरुणांचा जळून मृत्यू झाला. ‘निज गोंयकार’ हा शब्द हल्ली भाषणांत फार येतो, पण त्या मोजणीत या लोकांना पहिला नंबर द्यायचं कोणाच्या मनात येत नाही. त्याच भाषणांत ‘घाटी’ आणि ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हेही येतात. घरं बांधणारा, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर रात्र काढणारा, ट्रॉलरवर मासळी ओढणारा माणूस आज बहुतेक वेळा भायलाच असतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. यातले किती जण गोंयकार, हे विचारायचा अधिकार कोणाला, यावर एकमत व्हायची चिन्हं नाहीत.

जाणारेही आहेतच. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज कायदा नागरिकत्वाचा हक्क देतो. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात आजोबांचा जन्म नोंदवायचा, मग बापाचा, मग आपला. त्या पासपोर्टवर हजारो जण इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात गोंयकारांची मोठी वस्ती आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडे नाव चढलं की इकडचं मत जातं. मागे राहिलेल्या घराला कुलूप, अंगणात झाड वाढलेलं, आणि कोमुनिदादच्या वहीत मात्र नाव तसंच.

हा पेच नवा नाही. कौलाच्या वेळी सिक्वेरांच्या बाजूने मागणी झाली होती की मुंबईत, आफ्रिकेत, आखातात कामाला गेलेल्या गोंयकारांनाही मत द्यावं. मुंबईच्या धोबी तलावाजवळच्या कुडींत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहांत, तेव्हा दर गावाची वेगळी खोली असे. आगबोटीवर चढणारे खलाशी तिथे पेट्या ठेवत, संध्याकाळी रोझरी म्हणत आणि गावचं फेस्त मुंबईतच साजरं करत. दिल्लीने मागणी नाकारली. मत फक्त गोव्यात राहणाऱ्यांनाच मिळालं.